जिनिव्हात हात वर, घरात सहीला नकार

८ मार्चला आपल्याकडे सगळं साग्रसंगीत होतं. ऑफिसात गुलाबाचं फूल, सोसायटीत पैठणीचा खेळ, सराफाकडे घडणावळीवर सूट. १६ जूनला यातलं काहीच होत नाही. तो जागतिक घरकामगार दिन आहे आणि त्या दिवशीही तुमच्या-माझ्या घरची बाई नेहमीच्या वेळेला येते, भांडी घासते, केर-फरशी करते आणि पुढच्या घरी जाते. असा काही दिवस असतो हे बहुतेक वेळा तिच्याही कानावर आलेलं नसतं.

२०११ साली याच तारखेला जिनिव्हात आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेच्या शंभराव्या अधिवेशनात घरकामगारांसाठीचा पहिला जागतिक करार मंजूर झाला. आयएलओचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा, १८९ क्रमांकाचा करार. बाजूने ३९६ मतं, विरोधात १६, तटस्थ ६३. भारत सरकारने बाजूने मत दिलं. मला याचा अभिमान वाटायला हवा, पण वाटत नाही. कारण तिथे हात वर करायला काही पडत नाही. खरी गोष्ट त्यानंतरची. देशात परतून "हा करार आम्ही पाळू, आणि पाळतो की नाही हे तुम्ही तपासा" असं लेखी बांधून घ्यायचं असतं. रॅटिफाय करणं म्हणतात ते हेच. जगातल्या पस्तीसहून जास्त देशांनी ते केलं. आपण अजून केलेलं नाही.

आता कुणी म्हणेल, करारात असं काय भयंकर असेल? वाचून बघा. कामाच्या अटी बाईला आधी समजतील अशा सांगा, जमलं तर लिहून द्या. आठवड्यातून सलग चोवीस तास सुट्टी. देशात किमान वेतन असेल तर तिलाही ते. राहून काम करणारी असेल तर तिला थोडा आडोसा, आणि सुट्टीच्या दिवशी घरातच थांबायची सक्ती नको. तिचा पासपोर्ट तिच्याकडेच. कारखान्यातल्या माणसाला हे सगळं केव्हाचं मिळालं. घरात काम करणारीला ते द्यायचं ठरायला २०११ उजाडलं. बरं, आयएलओला विषय माहीत नव्हता असंही नाही. १९४८ साली त्यांनी यावर ठराव केला होता, १९६५ साली पुन्हा केला. ठराव फायलीत राहिले, कारण ते पुढे रेटणारं त्या सभागृहात कुणी नव्हतं. तिथे प्रत्येक देशाची चार मतं असतात: दोन सरकारची, एक मालकांचं, एक कामगार संघटनेचं. आणि कामगार संघटना म्हणजे गिरण्या, खाणी, गोद्या, रेल्वे. धुणं-भांडी हे 'काम' आहे हे पटवायला आधी कामगार नेत्यांशीच भांडावं लागलं. (हा भाग आपल्याकडच्या डाव्या मित्रांनी जरा सावकाश वाचावा.)

ते रेटणारं माणूस कुठून आलं, तर स्वयंपाकघरातूनच. दक्षिण आफ्रिकेत केप टाउनला मर्टल विटबोई नावाची बाई घरकाम करायची. साठच्या दशकाच्या अखेरीस, वर्णभेदाचा अंमल ऐन भरात असताना, तिने वर्तमानपत्राला पत्र लिहिलं की आम्हालाच वेगळी वागणूक का? पत्रकार शोधत घरी आला आणि म्हणाला, तुमच्यासारख्या बायकांची बैठक बोलवा. त्या बैठका तिने गॅरेजमध्ये भरवल्या. तिथून संघटना, मग देशाची युनियन, आणि २०१३ साली उरुग्वेत स्थापन झालेल्या घरकामगारांच्या जागतिक महासंघाची ती पहिली अध्यक्ष. २०१० आणि २०११ अशी दोन वर्षं जिनिव्हात कराराच्या मसुद्यावर खल चालला, तेव्हा पेरू, मेक्सिको, जमैका, टांझानिया अशा ठिकाणच्या घरकामगार बायका स्वतः हजर होत्या. कामगारांच्या बाजूने चर्चा लढवत होत्या सिंगापूरच्या हलीमा याकोब, ज्या पुढे त्या देशाच्या राष्ट्राध्यक्ष झाल्या. मतमोजणी झाल्यावर गॅलरीतून या बायकांनी एक कापडी फलक सोडला. त्याचा आशय असा, की अभिनंदन, आता सरकारांचं घरकाम सुरू: रॅटिफाय करा, अंमलात आणा.

"हे सगळं पाश्चात्त्यांचं खूळ आहे" असं म्हणणाऱ्यांना म्हणून मी नावं सांगते. केप टाउन, लिमा, किंग्स्टन, दार-ए-सलाम. आणि मुंबई. सिस्टर जीन डेव्हॉस मूळच्या बेल्जियमच्या खऱ्या, पण त्यांनी १९८५ मध्ये सुरू केलेली राष्ट्रीय घरकामगार चळवळ मुंबईत रुजली. त्याच्याही आधी १९८० साली पुण्यात मोलकरणींनी संप केला होता आणि त्यातून पुणे शहर मोलकरीण संघटना उभी राहिली. नागपुरात रूपाताई कुलकर्णींनी विदर्भ मोलकरीण संघटना बांधली. संस्कृतची प्राध्यापिका मोलकरणींच्या मोर्चाच्या पुढे चालते हे दृश्य महाराष्ट्राने पाहिलेलं आहे. या सगळ्या रेट्यामुळे महाराष्ट्रात २००८ साली घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला. म्हणजे जिनिव्हाच्या तीन वर्षं आधी! आपण मागे नव्हतो. आपण पुढे होतो आणि मग बसलो.

का बसलो, याचं सरकारी उत्तर ठरलेलं आहे, आणि ते कोणत्याही एका पक्षाच्या सरकारचं नाही. देशातला कायदा कराराशी जुळल्याशिवाय आम्ही रॅटिफाय करत नाही, हे भारताचं धोरण. ऐकायला किती प्रामाणिक! पण मग घरकामगारांसाठी देशपातळीचा कायदा का होत नाही? राष्ट्रीय धोरणाचा मसुदा वर्षानुवर्षं मसुदाच का आहे? कायदा नाही म्हणून करार नाही, आणि करार नाही म्हणून कायद्याची घाई नाही.

शिवाय हे धोरण आपण नेहमी पाळलंय असंही नाही. समान कामाला समान वेतन हा आयएलओचा १०० क्रमांकाचा करार भारताने १९५८ साली रॅटिफाय केला. तेव्हा देशात समान वेतनाचा कायदा होता का? नव्हता. तो आला १९७५ मध्ये अध्यादेशाने आणि १९७६ मध्ये कायदा म्हणून, तेही संयुक्त राष्ट्रांनी १९७५ हे महिला वर्ष जाहीर केलं होतं तेव्हा. म्हणजे करार आधी, कायदा सतरा-अठरा वर्षांनी. स्त्रियांविरुद्धचे सर्व भेदभाव संपवण्याचा संयुक्त राष्ट्रांचा करार, सीडॉ, आपण १९९३ मध्ये रॅटिफाय केला. तेव्हा कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्ध देशात कायदा नव्हता. राजस्थानातल्या भटेरी गावच्या साथिन (सरकारी योजनेतल्या गावपातळीच्या कार्यकर्त्या) भंवरीदेवींवर १९९२ मध्ये बालविवाह रोखल्याच्या सूडापोटी सामूहिक अत्याचार झाला, बायकांच्या संघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या, आणि पुढे खालच्या कोर्टात आरोपी सुटले. १९९७ च्या विशाखा निकालात न्यायालयाने सीडॉचाच आधार घेतला: संसदेने कायदा केला नसला तरी देशाने हा करार मान्य केलाय, तेव्हा तोवर ही मार्गदर्शक तत्त्वं पाळा. त्या खंडपीठात न्यायमूर्ती सुजाता मनोहर होत्या, मुंबई उच्च न्यायालयाच्या पहिल्या महिला न्यायाधीश. २०१३ मध्ये संसदेचा कायदा आला आणि त्यात घरकामगाराचा स्पष्ट उल्लेख आहे.

म्हणून करारांना 'कागद' म्हणून हिणवणाऱ्यांशी माझं पटत नाही. कागद आहेच तो. पण वकिलाच्या हातात द्यायला कागदच लागतो.

दक्षिण आफ्रिकेतलं उदाहरण तर अलीकडचं आहे. मारिया महलांगू ही प्रिटोरियात एका कुटुंबाकडे २२ वर्षं काम करणारी बाई. नजर अधू झालेली. २०१२ मध्ये काम करताना मालकांच्या पोहण्याच्या तलावात पडली आणि बुडाली. कामावर मेलेल्या माणसाच्या वारसांना भरपाई देणारा कायदा तिकडे होता, पण त्यात घरकामगार वगळलेले. तिच्या लेकीने युनियनला सोबत घेऊन वर्षानुवर्षं केस लढवली, आणि नोव्हेंबर २०२० मध्ये तिथल्या घटना न्यायालयाने ते वगळणं घटनाबाह्य ठरवलं, मागच्या प्रकरणांनाही लागू होईल अशा रीतीने. दक्षिण आफ्रिकेने १८९ वा करार रॅटिफाय केला होता २०१३ मध्ये. आता आपल्याकडे तिसऱ्या मजल्याच्या खिडकीच्या काचा पुसताना तोल गेलेल्या बाईचं काय होतं ते आठवा. सोसायटी वर्गणी काढते. कुणी पाचशे देतं, कुणी दोन हजार. आणि विषय संपतो.

एक गंमत मात्र सांगितलीच पाहिजे. आपलं सरकार घरकामगारांच्या बाबतीत फार कडक आहे, फक्त देशाबाहेर! आखातात घरकामाला जाणाऱ्या भारतीय बाईचं वय किमान ३० हवं हा नियम. परदेशी मालकाने २,५०० डॉलरची बँक हमी द्यावी अशीही अट घातली होती. या हमीवरून कुवेतशी तर कित्येक वर्षं ताणाताणी चालली. हे बरोबरच होतं, मी त्याच्या बाजूची आहे. पण कुवेतच्या मालकाकडून वर्षानुवर्षं बँक हमी मागितलेले आपण कोथरूडच्या मालकाकडून साधी सहीसुद्धा मागू शकत नाही.

सहीचंच सांगते. घरेलू कामगार कल्याण मंडळात नोंदणी करायची तर घरमालकाचं प्रमाणपत्र लागतं: अमुक बाई माझ्याकडे घरकाम करते, इतकंच. नोंदणी दरवर्षी जिवंत ठेवावी लागते. ५५ वर्षं पूर्ण झालेल्या नोंदणीकृत बाईला १०,००० रुपये सन्मानधन मिळण्याची योजना आहे. २०२१ च्या लॉकडाऊनमध्ये नोंदणीकृत घरकामगारांना १,५०० रुपये जाहीर झाले, तेव्हा आमच्या भागातल्या कित्येकजणींची नोंदणी केव्हाच मेलेली होती. त्यानंतर आम्ही काही मैत्रिणी बायकांचे फॉर्म भरून द्यायला लागलो. आधारकार्ड, फोटो, बँकेचं पासबुक, सगळं बायका प्लास्टिकच्या पिशवीत नीट घालून आणतात. अडतं ते सहीवर.

"ताई, वहिनी म्हणाल्या साहेबांना विचारते. साहेब म्हणाले, उद्या कोर्टकचेरी झाली तर?"

अकरा वर्षं त्या घरात पोळ्या करणारी बाई हे सांगत होती. त्या वहिनींना मी ओळखते. वाईट बाई नाही. दिवाळीला साडी देतात, हिच्या मुलीची शाळेची फी भरलीय त्यांनी. "अगं, ती आमच्या घरच्यासारखीच आहे, कागद कशाला?" हे त्या अगदी मनापासून म्हणतात. फी भरायला तयार, सहीला नाही. कारण फी ही आपली मेहेरबानी आहे, वाटलं तर द्यावी. सही केली की तो तिचा हक्क होतो. सरकार करार रॅटिफाय का करत नाही हे मला दिल्लीच्या कुठल्याही कागदापेक्षा या एका संवादातून जास्त कळलं. सरकार आपल्यालाच घाबरतं. मत देणाऱ्या, टॅक्स भरणाऱ्या, बाईशिवाय पान न हलणाऱ्या मध्यमवर्गाला.

यावर हमखास येणारा प्रश्न: "आमचं पेन्शन तेवढं, सगळं नियमाने द्यायचं तर बाई ठेवणं परवडणार नाही, मग तिचंच काम जाईल." हा प्रश्न खोटा नाही. एकट्या राहणाऱ्या पंचाहत्तरीच्या आजींना कारखानदाराच्या रांगेत बसवून चालणार नाही. पण यावर उत्तर शोधलेलं आहे, उरुग्वेने. पिंपरी-चिंचवडसह पुण्याच्या आसपास जेवढी माणसं राहतात त्याहून कमी लोकसंख्येचा देश. २००६ साली त्यांनी घरकामगारांचा कायदा केला: दिवसाचे आठ तास, आठवड्याचे ४४. मग पगार ठरवायला त्रिपक्षीय मंडळ हवं. कामगारांकडून युनियन आली, सरकार आलं, पण मालकांकडून कोण? घरोघरच्या मालकांची संघटना कुठे असते? तेव्हा तिथली गृहिणींची संघटना पुढे आली आणि मालक म्हणून टेबलाशी बसली. २००८ मध्ये पहिला वेतन करार झाला. १८९ वा करार सगळ्यात आधी रॅटिफाय करणारा देश तोच. म्हणजे "परवडत नाही" हेही म्हणायचं, पण समोर बसून, आकडे मांडून. आपल्याकडे हळदीकुंकू मंडळांपासून भिशीपर्यंत बायकांचे इतके गट आहेत. त्यातला एकही कधी "आम्ही मालक आहोत, चला बोलू" म्हणून पुढे आल्याचं मी तरी पाहिलेलं नाही.

नेमक्या किती बायकांचा हा प्रश्न आहे, हेसुद्धा आपण धड मोजलेलं नाही. जगात साडेसात कोटींच्या वर घरकामगार आहेत, त्यातल्या चारातल्या तीन बायका, हा आयएलओचा अंदाज. भारताचा जुना सरकारी आकडा ४७.५ लाख, आणि इतर अंदाज दोन कोटींपासून आठ कोटींपर्यंत जातात. एवढी तफावत राहते कारण त्यांची नोंद ठेवावी असं कुणालाच वाटलेलं नाही.

जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका निकालात केंद्राला सांगितलं की घरकामगारांसाठी कायद्याची चौकट करण्याचा विचार करायला तज्ज्ञांची समिती नेमा. समित्यांचं काय होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे, तरी मी यावर नजर ठेवून आहे. अशा समितीपुढे मालकांची बाजू कोण मांडतं, याकडे माझं जास्त लक्ष आहे.

आता कामाचं. प्रमाणपत्रावर सही केली म्हणून तुमच्यावर पीएफ, ग्रॅच्युइटी असं काहीही आपोआप लागू होत नाही. ती बाई तुमच्याकडे काम करते एवढाच त्याचा अर्थ. त्याचा मराठी नमुना माझ्याकडे टाइप करून ठेवलेला आहे, अर्ध्या पानाचा. हवा असेल त्यांनी कमेंटमध्ये सांगा, इनबॉक्समध्ये पाठवते. आणि "आमच्या बाईला आम्ही किती देतो" हे सांगायला येणाऱ्यांनी आधी तिची नोंदणी जिवंत आहे का ते तिला विचारून मग यावं.