पाठ काही सोडेना

आमच्या क्लासमध्ये तैलरंग शिकायचे म्हणजे आधी जुन्या उस्तादांची नक्कल. माझ्या वाट्याला आली फ्रेंच चित्रकार अँग्र यांची 'ग्रांद ओदालिस्क'. ओदालिस्क म्हणजे तुर्की जनानखान्यातली बाई. अँग्र हे चित्रकार दाव्हिदचे शिष्य, नवअभिजात म्हणजे ग्रीक-रोमन कलेला आदर्श मानणाऱ्या परंपरेतले, रेषेचे पक्के. नेपोलियनच्या बहिणीनं, म्हणजे नेपल्सच्या राणीनं, 1814 मध्ये हे चित्र काढून घेतलं. मूळ चित्र पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे, चांगलं सव्वापाच फूट रुंद. आमचं दादरचं घर बघता मी निम्म्या मापाचा कॅनव्हास आणला.

चित्रातली बाई आपल्याकडे पाठ करून लवंडलेली, मान वळवून बघतेय. हातात मोरपिसांचा पंखा, डोक्याला फेटा. कपड्यांचा विषय तिथंच संपतो.

"गार नसेल वाटत हिला?" आईनं विचारलं. ऑक्टोबरात, दादरमध्ये.

समोरच्या काकू ब्लाऊज शिवतात. गळ्यातला टेप त्या झोपतानाच काढत असाव्यात. माझ्या चौकटी आखून चालल्या होत्या, तेवढ्यात त्यांनी छापील चित्रावर टेप धरला आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"पाठीची उंची जास्त धरलीय रे."

"काकू, मूळ चित्रातच तशी आहे."

"मग त्याला माप घेता येत नव्हतं."

हे चित्र 1819 साली पॅरिसच्या सलों या सरकारी चित्रप्रदर्शनात मांडलं, तेव्हा टीकाकार नेमके इथंच तुटून पडले होते. बाईला तीन मणके जास्त आहेत म्हणे. पुढे 2004 मध्ये फ्रेंच डॉक्टरांनी रीतसर मोजमाप केलं आणि जाहीर केलं की तीन नव्हे, पाच. काकूंना यातलं काही ठाऊक नव्हतं, त्यांच्याकडे फक्त टेप होता.

मी सरांना विचारलं, पाठ थोडी आवरती घेऊ का? "मक्षिकास्थाने मक्षिका," सर म्हणाले. "अँग्रची चूक ही शैली. तुझी चूक ही चूक." तेव्हा परक्या बाईचे पाच जादा मणके इमानेइतबारे उतरवणं आलं.

त्यातही ती पाठ गुळगुळीत. ब्रशचा एक फटकारा दिसता कामा नये. जवसाचं तेल पाण्यासारखं उडून जात नाही. हवेतला ऑक्सिजन घेत घेत सावकाश घट्ट होतं. अंबर हा तपकिरी रंग लवकर सुकतो, पण पांढरा घातलेली त्वचा दिवसेंदिवस चिकट राहते आणि घरातला यच्चयावत कापूस तिच्यावर येऊन बसतो. म्हणून पंखा बंद.

"हिच्यापायी आम्ही उकडून मरायचं?" बायकोचा प्रश्न रास्त होता. त्यात कोजागरीला तिच्या माहेरची मंडळी यायची होती. चित्र ओलं, त्यामुळे वर चादर टाकता येईना, भिंतीकडे तोंड करून टेकवता येईना. बायकोनं आधी साडी नेसवायचा पर्याय सुचवला, मग मला कपाटावर चढवायचा. शेवटी काकूच ते दोन तळव्यांत कडेनं धरून घरी घेऊन गेल्या.

कोजागरी झाली, दूध संपलं, चित्र मात्र परत येईना. काकूंच्या गिऱ्हाइकांपैकी कुणीतरी त्या पाठीकडे बोट दाखवून "मागचा गळा एवढा खोल बसेल का?" असं विचारलं, आणि तेव्हापासून दिवाळीच्या ऑर्डरी त्याच चित्रावरून चालल्यात. मोरपिसांचा पंखा अजून रंगवायचा राहिलाय. काकू म्हणतात, दुपारी दोन ते चार ये, तेव्हा ट्रायलला कुणी नसतं.