‘जाळीत कीड येत नाही, मग अंश कुठून येणार?’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमचं म्हणणं थोडक्यात असं : पॉलिहाउसमधल्या, म्हणजे वर प्लास्टिकचा पेपर आणि बाजूंना कीडरोधक जाळी असलेल्या शेडमधल्या ढोबळी मिरचीला फवारे कमी लागतात, म्हणून तिच्यात कीटकनाशकांचे अंशही उघड्या रानातल्या मिरचीपेक्षा कमीच असणार. आणि मी उलटं लिहून, कर्ज काढून शेड उभारलेल्या शेतकऱ्याच्या पोटावर पाय देतो आहे.

पोटाच्या मुद्द्याकडे येतोच. पण फवारे किती झाले एवढ्यावरून फळात औषध किती उरलं हे ठरत नाही. शेवटच्या फवाऱ्यापासून तोड्यापर्यंत काय घडलं, हेही तितकंच मोठं आहे. उघड्यावर उन्हातल्या अतिनील किरणांनी बरीच औषधं फुटतात, पाऊस फळावरचा थर धुऊन नेतो, वाऱ्याने काही उडून जातं. पॉलिहाउसचा पेपर पाऊस पूर्ण अडवतो आणि अतिनील किरणही बरेचसे. आतल्या उष्णतेने काही औषधं लवकर विघटित होतात हे खरं, तरी एकंदरीत बहुतेक औषधं आत जास्त दिवस टिकतात.

जाळीचंही पाहा. चाळीस मेशच्या (इंचाला चाळीस छिद्रांच्या) जाळीतून फुलकिडे (थ्रिप्स) सहज आत येतात, पिकाचा रस शोषणारा बारीक लाल कोळी तर रोपांबरोबर, कपड्यांबरोबरही येतो. आतली कोरडी ऊब त्यांना मानवते, आणि त्यांना खाणारे मित्रकीटक मात्र बाहेर राहतात. मग फवारा धरावाच लागतो.

त्यात पीकही बघावं लागतं. काकडी झपाट्याने फुगते, त्यामुळे दर किलोमागे औषधाचं प्रमाण आपोआप घटतं. पण तिचा तोडा एक दिवसाआड, म्हणजे तीन-चार दिवस थांबा असं लेबल सांगत असेल तर मधला तोडा सोडायचा कोणी? ढोबळी सावकाश वाढते, तिथे ही घट कमी.

आता शेतकऱ्याचं. लेबलवर पीक, कीड, मात्रा आणि प्रतीक्षा कालावधी (फवाऱ्यानंतर तोड्यासाठी किती दिवस थांबायचं ते) असतो. पीक छपराखाली आहे की उघड्यावर, हा रकाना सहसा नसतो. युरोपीय संघात हरितगृहातल्या वापरासाठी अंशांच्या चाचण्या वेगळ्या मागतात. आपल्याकडे शेडवाला लेबल तंतोतंत पाळूनही अडचणीत येऊ शकतो, आणि माझा राग याच गोष्टीवर आहे, त्याच्यावर नाही. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढ रोखणाऱ्या संजीवकाच्या अंशांमुळे युरोपने आपली द्राक्षं अडवली, तेव्हाही फटका बागायतदारालाच बसला होता. आज निर्यातीच्या द्राक्षांची तोडणीआधी तपासणी होते. मंडईत जाणाऱ्या ढोबळीला अशी सक्तीची तपासणी नाही.

‘धुतलं की झालं’ असंही तुम्ही लिहिलंत. स्पर्शजन्य, म्हणजे फळाच्या वरच राहणारं औषध धुण्याने बरंच कमी होतं. इमिडाक्लोप्रिडसारखं आंतरप्रवाही औषध मात्र गरात शिरलेलं असतं, तिथे मिठाचं पाणी पोचत नाही.

तुमची शेड असेल तर शेवटच्या फवाऱ्यानंतरच्या दोन-तीन तोड्यांचे नमुने मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत द्या. आकडे माझ्या म्हणण्याच्या विरुद्ध आले तरी औषधाच्या नावासकट ते इथेच छापेन.