तासिकेवर लागायचंय? मग एवढं कराच

बी.एड. झालात? अभिनंदन. २०१५ पासून हा कोर्स दोन वर्षांचा झालाय, म्हणजे बेरोजगारीतलं एक वर्ष विद्यार्थी म्हणून मानाने निघालं. टीईटीत, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेत, १५० पैकी ९० आणलेत, टेटचे, म्हणजे भरतीसाठीच्या अभियोग्यता चाचणीचे, २०० प्रश्न दोन तासांत उडवलेत, शिक्षक भरतीच्या सरकारी पवित्र पोर्टलवर माहिती भरलीत. आता पोर्टल बघत बसा. टेट २०१७ नंतर थेट २०२३ मध्ये झाली होती, तेव्हा घाई कुणालाच नाही. तोवर तासिका तत्त्व आहेच, म्हणजे जेवढे तास तेवढे पैसे, कायम नोकरी नाही.

टीईटी आणि टेट यांतला फरक घरच्यांना समजावू नका. शक्ती जपा.

पंचक्रोशीतल्या कोणत्या बाई प्रसूती रजेवर कधी जाणार, याची बित्तंबातमी ठेवा. १८० दिवसांची रजा म्हणजे आपल्यासाठी लॉटरी. पेढे त्यांच्याआधी आपणच वाटायचे.

मुलाखतीला वेळेवर जा. गेल्या आठवड्यात मी गेले. विज्ञानाची एक जागा, वेळ अकराची. व्हरांड्यात आम्ही सगळे मांडीवर फायली घेऊन, साक्षांकित झेरॉक्सचे संच सांभाळत. (एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, झेरॉक्सवाल्याकडे नाही.) अकराला साहेब आले नव्हते. बाराला मीटिंग. मग जेवण. दुपारी शिपाईकाका म्हणाले, "नववीचा वर्ग लई दंगा करतोय, तुमच्यातलं कुणी बघता का जरा?" मी गेले. प्रकाशाचं परावर्तन शिकवलं, पोरं गप्प बसून ऐकत होती. तास संपता संपता एक मुलगी म्हणाली, "बाई, तुम्हीपण येणार का? सायन्सच्या नव्या मॅडम सोमवारपासून येणारेत, त्या कालच वर्गात येऊन गेल्या."

नववीतल्या पोरीला माहीत होतं! व्हरांड्यातल्या आम्हालाच तेवढं माहीत नव्हतं. तरी चारला आत बोलावलं. विषयाचा एक प्रश्न नाही. गाव कुठलं, लग्न झालंय का, झालं नाही तर झाल्यावर सोडून जाल, आणि कुणाच्या ओळखीने आलात? "जाहिरात वाचून," म्हटलं तर तिघेही हसले. अहो, जाहिरात तुम्हीच दिली होती ना? माझ्या शेजारी बसलेली बाई तान्हं बाळ सासूकडे ठेवून दोन एसट्या बदलून आली होती. तुमच्या फाइलला चार 'अनुपयुक्त' उमेदवार हवेत म्हणून?

असो. सल्ल्याकडे वळू.

मानधन मिळेल तेव्हा घ्या. सहीचा आकडा आणि हातातल्या नोटा जुळतात का ते बघू नका, गणिताचे असाल तर मुळीच नाही. दिवाळीची सुट्टी, मे महिना यांचे पैसे नसतात. झेंडावंदनाला मात्र इस्त्रीच्या कपड्यांत हजर.

जमलं तर आधी निवृत्त व्हा. जुलै २०२३ मध्ये सरकारने जिल्हा परिषदेच्या रिकाम्या जागांवर निवृत्त शिक्षकांना महिना २०,००० रुपयांवर घ्यायचं ठरवलं. पेन्शन वेगळी. रीतसर निवड होऊन प्राथमिकला लागलेल्या शिक्षणसेवकाला (म्हणजे सुरुवातीची वर्षं ठरावीक मानधनावर काढणाऱ्या शिक्षकाला) त्याच वर्षी वाढवून किती केले? १६,०००. त्याआधी ६,००० होते. परीक्षा देऊन आलेल्या तरुणापेक्षा पेन्शन घेणारे आजोबा महाग, आणि वर आम्हालाच ऐकवणार की आजच्या पिढीला शिक्षकी पेशाची ओढ नाही.

कसली ओढ? उपरोध पुरे आता. संस्थाचालकांनो, तुमची सून लावायची तर लावा, आम्ही काय अडवणार आहोत? पण मग आम्हाला बोलावू नका. बोलावलंत तर बसायला पंखा द्या, वेळ पाळा, विषयातलं विचारा. आणि साहेब, मंजूर जागा वर्षानुवर्षं रिकाम्या ठेवून पोरांना दर सहा महिन्यांनी नवीन बाई देता, त्याचं उत्तर त्या पोरांच्या आईबापांसमोर उभं राहून द्या. नववीवरच्या माझ्या तासाचे पैसेही द्या. तो मी फुकट घेतलेला नाही.