शेवटचा प्राणी संपवताना घ्यायची काळजी

एखादी प्रजात पृथ्वीवरून कायमची पुसायची तर बंदूक हवी, मनात थोडा तरी राग हवा, असा तुमचा समज असेल तर तो आधी काढून टाका. रागाच्या भरात हाती घेतलेली कामं अर्धवट राहतात. चीनने १९५८ मध्ये चिमण्यांवर मोहीम काढली. धान्य खातात म्हणून. लोकांनी थाळ्या, ढोल बडवून त्यांना कुठे बसूच दिलं नाही, आणि थकलेल्या चिमण्या आकाशातून टपाटप पडल्या. मग पिकांवर किडे आले, कारण त्यांना खाणारं कोणी उरलं नव्हतं. १९६० मध्ये चार उपद्रवी जिवांच्या सरकारी यादीतून चिमणी काढली आणि तिच्या जागी ढेकूण घातला. यादी चारचीच राहिली, हे महत्त्वाचं. पण एवढा गाजावाजा करूनही चिमणी आज आहेच. म्हणून म्हणतो, आरडाओरडा नको.

खरं काम सज्जन माणसं करतात, आपापला उद्योग नेकीने करता करता.

गिधाडांचंच घ्या. १९९० च्या सुमारास भारतीय उपखंडात गिधाडं इतकी होती की त्यांना मोजायच्या भानगडीत फारसं कोणी पडत नसे. त्याच सुमारास लंगडणाऱ्या, सुजलेल्या गुरांना डायक्लोफेनॅक टोचायला सुरुवात झाली. भूतदयाच ती. औषध स्वस्त, जनावराला लगेच उतार पडे. एखादं मात्र औषध अंगात असतानाच मरे आणि गिधाडं त्यावर उतरत. मग गिधाडाची मूत्रपिंडं बंद पडत आणि युरिक आम्लाचा पांढरा थर हृदयावर, यकृतावर चुना फासल्यासारखा जमे. मान लोंबकळत टाकून फांदीवर बसलेलं गिधाड कधीतरी खाली पडे. पांढऱ्या पाठीची गिधाडं १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत भारतातून ९९.९ टक्के कमी झाली. आणि यासाठी सगळी गुरं टोचावीसुद्धा लागली नाहीत. शंभर मढ्यांत एकाहून कमी मढं औषधाचं असलं तरी एवढं होऊ शकतं, असा हिशेब शास्त्रज्ञांनी मांडला. ताट एक आणि जेवणारे पाच-पन्नास, ही पंगत आपल्या फार कामाची.

पुढचं ऐका. मढी पडून राहिली, भटकी कुत्री पोसली गेली, पाण्यात नको ते मिसळलं. २०२४ मध्ये दोन अर्थशास्त्रज्ञांनी गिधाडं गेल्याची किंमत काढली: २००० ते २००५ या काळात माणसांचे सुमारे पाच लाख जादा मृत्यू. पण घाबरू नका. त्यातल्या एकाही मृत्यूच्या दाखल्यावर ‘गिधाड’ हा शब्द सापडायचा नाही. कुत्रा चावला, पाणी बाधलं, ताप आला, असंच काहीतरी असेल. या उद्योगातली सगळ्यात मोठी सोय हीच. सामान तुम्ही उचलायचं, बिल दुसऱ्याच्या पत्त्यावर जातं, आणि तेही इतक्या उशिरा की त्या घरातल्यांना ते कशाचं आहे हेच कळत नाही.

भारताने गुरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर २००६ मध्ये बंदी घातली, हे खरं. पण निराश होऊ नका. माणसांसाठीचं तेच औषध मोठ्या कुप्यांत मिळत होतं, आणि माणसाची कुपी गुराला चालते. त्या मोठ्या कुप्यांवर बंदी यायला २०१५ उजाडलं. शिवाय गिधाडीण वर्षाला एकच अंडं घालते. घाई तिलाही नाही.

आता कोणीतरी भाबडा माणूस ‘हे वाचवायला हवं हो’ म्हणत येईल. त्याच्याशी वाद घालू नका. शांतपणे विचारा, ‘त्याचा उपयोग काय?’ या प्रश्नाची खुबी अशी की उत्तर शोधायला वेळ लागतो आणि वेळ तर आपल्याच बाजूचा.

ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडच्या डोंगरी ओढ्यांत एक बेडूक होता. त्याची मादी स्वतःची अंडी गिळायची. हो, गिळायची. मग तिच्या जठरात आम्ल तयार होणं बंद व्हायचं आणि त्या जठराचंच गर्भाशय व्हायचं. सहा-सात आठवडे अन्नाचा कण नाही. शेवटी ती तोंड उघडायची आणि आतून पूर्ण घडलेली, चार पायांची बेडकुली बाहेर पडायची. आईच्या जिभेवर बसून जगाकडे बघणाऱ्या पिल्लाचं छायाचित्र आहे. ते बघितलं की क्षणभर आपला निर्धार डळमळतो, म्हणून बघू नका. १९७३ मध्ये शास्त्राने या बेडकाची रीतसर नोंद केली. आम्ल असं हुकमी बंद कसं होतं हे कळलं तर पोटातल्या व्रणांवर काही सापडेल, म्हणून संशोधक कामाला लागले. काम रंगात आलं होतं आणि १९८० चं दशक अर्धं सरेपर्यंत बेडूकच दिसेनासा झाला. त्याची एक भावकी बरीच उत्तरेला १९८४ मध्ये सापडली होती. ती १९८५ नंतर कोणाला दिसली नाही. रात्री छातीत जळजळ झाली की त्या आईची आठवण जरूर काढा. पत्ता मात्र विचारू नका.

कधीकधी आपला डाव फसतो. हीला मॉन्स्टर नावाच्या विषारी सरड्याच्या विषातल्या एका घटकावरून मधुमेहाचं औषध तयार झालं आणि २००५ मध्ये त्याला मान्यताही मिळाली. तेव्हा जे काय करायचं ते संशोधकांच्या आधी करा.

आणखी एक. सगळ्यांवरच वाईट वागू नका, लोकांच्या डोळ्यांवर येतं. वाघ, पांडा, हत्ती यांच्यावर भरभरून प्रेम करा, त्यांची चित्रं भिंतीवर लावा. गोगलगायी, शिंपले, भुंगेरे, नदीतले बारके मासे यांचं चित्र कोणी लावत नाही, त्यामुळे ते गेल्यावर भिंतीवर रिकामी जागाही दिसत नाही. कोणी फारच मागे लागलं तर सर्वेक्षण मंजूर करा, फक्त उशिरा. यांगत्से नदीतल्या बैजी डॉल्फिनसाठी २००६ मध्ये दोन जहाजं सहा आठवडे फिरली. उत्तम दर्जाचं सर्वेक्षण होतं. डॉल्फिन नव्हता. कॅलिफोर्नियाच्या आखातातला व्हाकिटा हा चिमुकला पॉर्पॉइज, म्हणजे डॉल्फिनचा भाऊबंद, तर दहाच्या आसपास उरलाय, आणि गंमत म्हणजे त्याच्यासाठी कोणी जाळं टाकतच नाही. जाळी दुसऱ्याच माशासाठी असतात, हा आपला मधे येतो.

संख्या एकदा खाली आली की पुढचं काम बाजार करतो. ग्रेट ऑक हा न उडणारा समुद्रपक्षी पिसांसाठी, मांसासाठी, तेलासाठी मारून मारून कमी केला होता. तो दुर्मीळ झाल्याबरोबर संग्राहकांना भरती आली, कारण संपण्याआधी आपल्याकडे एक असावा असं प्रत्येकालाच वाटलं. जून १८४४ मध्ये आइसलँडजवळच्या एल्डी नावाच्या खडकावर शेवटची ज्ञात जोडी अशाच मागणीसाठी गळा दाबून मारली गेली. अंडंही होतं, ते फुटलं.

आता शेवटची आणि सगळ्यात नाजूक पायरी: नाव. प्राणी कोटींनी असतात तोवर त्यांना नाव ठेवायचं नाही, नावं ठेवायची. पिकं नासतो, जाळी फाडतो, मेंढ्या मारतो. नाव ठेवायची वेळ एकच उरला की येते. अमेरिकेत प्रवासी कबुतरं अब्जांनी होती, तेव्हा त्यातल्या कोणाला नाव नव्हतं. शेवटची मादी मार्था. ती १९१४ मध्ये सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात गेली आणि बर्फाच्या लादीत गोठवून तिला स्मिथसोनियन या संग्रहालयाला धाडलं. गालापागोसमधलं पिंटा बेटाचं शेवटचं कासव जॉर्ज. उत्तरी पांढऱ्या गेंड्यांचा शेवटचा नर सुदान २०१८ मध्ये गेला. आता नाजिन आणि फातू या मायलेकीच उरल्या आहेत. त्यांच्याभोवती चोवीस तास बंदूकवाले पहारेकरी असतात. बंदूक कुठे वापरायची असते ते आलं ना लक्षात?

पण या सगळ्यात नमुनेदार काम ऑस्ट्रेलियातल्या टास्मानिया बेटाचं. तिथल्या सरकारने १८८८ पासून १९०९ पर्यंत थायलसिन या पट्टेरी, मांसाहारी प्राण्याच्या डोक्यावर इनाम लावलं. दोन हजारांहून जास्त इनामं वाटली गेली. मग १० जुलै १९३६ रोजी त्याला कायद्याने पूर्ण संरक्षण दिलं. शेवटचा ज्ञात थायलसिन होबार्टच्या प्राणिसंग्रहालयात ७ सप्टेंबरला मेला, म्हणजे कायद्याला एकोणसाठ दिवस झाले होते. वेळ साधणं म्हणतात ते हे. पुढे या शेवटच्या प्राण्याचं नाव बेंजामिन होतं असं वर्षानुवर्षं छापून येत राहिलं आणि त्याचा मृतदेह कुठे गेला हे कोणाला ठाऊक नव्हतं. २०२२ मध्ये तो तिथल्याच संग्रहालयाच्या कपाटात सापडला. कातडं आणि सांगाडा शिकवण्याच्या साहित्यात जमा होते. ते कातडं प्रदर्शनासाठी ठिकठिकाणी फिरवून आणलं होतं, आणि हेच ते शेवटचं, हे दाखवणाऱ्यांनाही माहीत नव्हतं. बेंजामिन म्हणजे म्हातारी मादी निघाली.

तेव्हा तुमची पाळी येईल तेव्हा कपाटावर चिठ्ठी लावायला विसरू नका. आणि नाव लिहिण्याआधी, नर आहे की मादी, एकदा वाकून बघून घ्या.