काजळीला विचारून सांगतो

पाहुणे पत्रिका घेऊन येतात, चहा घेतात आणि उठताना म्हणतात, "सगळ्यांनी यायचं बरं का, सहकुटुंब सहपरिवार." यावर आमच्या घरातले सगळे एकदम गोठ्याकडे बघतात. सहकुटुंब जायला काजळीची परवानगी लागते आणि ती आजवर कुणाला मिळालेली नाही.

काजळी ही आमची देवणी गाय. देवणीत तीन वाण सांगतात. अंगभर पांढरी ती बालंक्या, पांढऱ्यावर काळे ठिपके असलेली शेवेरा, आणि अंग पांढरं पण तोंडाच्या दोन्ही बाजू काळ्या ती वानेरा. आमची वानेरा. लोंबते कान, पुढं आलेलं कपाळ, चालताना कुणाला रस्ता द्यायचा नाही ही सवय. उदगीरच्या बाजारात जाणकार माणूस तिच्याकडे बघून आधी डोक्याची टोपी नीट करतो. देवणी ही दुहेरी कामाची जात, म्हणजे गाय दूध देते आणि बैल औत ओढतो, असं पुस्तकात लिहिलेलं असतं. दूध देते हे खरं आहे. कुणाला देते, हे पुस्तकात नसतं.

तर, ती मायला देते. शेजाऱ्याच्या काळ्या-पांढऱ्या संकरित गाई यंत्रालासुद्धा दूध देतात. वीज आली की धार सुरू. काजळीला आधी वासरू लागतं. वासरानं ढुसण्या दिल्या की ती पान्हा सोडते, मग वासराला ओढून बाजूला बांधायचं (हे काम माझं, वासरू रोज वाढतंय, मी नाही), आणि मग माय बसते. दोन सडं वासराची, दोन आपली, हा मायचा कायदा. धार काढताना माय सारखी काहीतरी पुटपुटत असते. मला वाटायचं, देवाचं काहीतरी असेल. एकदा दाव्याला धरून नीट ऐकलं, तर सगळ्या माझ्याबद्दलच्या तक्रारी होत्या. सोयाबीन कुणाला विचारून विकलं, कडबा भिजला तेव्हा हा कुठं होता, वगैरे. काजळी डोळे मिटून ऐकत होती.

"एवढ्या चार-पाच लिटरला एवढा खटाटोप? जर्सी घ्या की," शेजारी म्हणतो.

"जर्सीला ऊन सोसंना, गोचीड सोसंना, पंखा लावावा लागतोय," माय म्हणते. "आमच्या काजळीला काय लागतंय?"

खरं आहे. आमच्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हातही ती निवांत रवंथ करते. तिला काही लागत नाही. एक अख्खी माय लागते, सकाळ-संध्याकाळ, सुट्टी न घेता.

शहरातले पाहुणे आले की मात्र गोठ्याला यात्रेचं रूप येतं. ए-टू दुधावर, म्हणजे देशी गाईच्या दुधात असतं म्हणतात त्या प्रथिनावर, मला व्याख्यान मिळतं. फोटो काढले जातात. "पुण्यात हे दूध केवढ्याला जातं माहितीये का?" हे विचारून झालं की ते पुण्याला निघून जातात आणि दूध गावातल्या डेअरीवर जातं. तिथं भाव ठरतो ३.५ टक्के फॅट आणि ८.५ टक्के एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) धरून. काजळीचं फॅट चारच्या वर लागतं, त्याचे काही पैसे जास्त मिळतात. घराण्याचे पैसे मिळायचा रकाना डेअरीच्या यंत्रात नाही. ३० सप्टेंबर २०२४ ला राज्य सरकारनं देशी गाईंना 'राज्यमाता-गोमाता' घोषित केलं आणि त्यात मराठवाड्यातल्या देवणी-लाल कंधारीचं नाव आलं, तेव्हा मायनं ती बातमी माझ्याकडून गोठ्यात मोठ्यानं वाचून घेतली. काजळीनं रवंथ थांबवला नाही. तिला आधीपासून माहीत असावं.

मग मावसबहिणीच्या मुलीचं लग्न निघालं, पुण्याला. मायला जाणं भागच होतं. पहिल्या संध्याकाळी मी बसलो. काजळीनं वासराला पाजलं, मला बघितलं आणि पान्हा चोरला. गोठ्यातून मायला फोन लावून स्पीकर काजळीच्या कानाशी धरला. "पाज की गं माझी बाई," एवढं माय म्हणाली आणि मागून 'शुभमंगल सावधान' आणि बँड एकदम सुरू झाला. काजळी सावध झाली. तिची लाथ फोनला लागली नाही, बादलीला लागली.

जनावरांच्या डॉक्टरांनी समजावून सांगितलं, पान्हा सुटायला गाईच्या अंगातच तयार होणारं ऑक्सिटोसिन नावाचं संप्रेरक लागतं, गाय बुजली की ते काम थांबतं, ओळखीचा आवाज आणि ओळखीचा हात पाहिजे. हात कुठून आणणार? पण आवाजावरून बायकोला काहीतरी सुचलं. ती मायच्या पाटावर बसली, पदर खोचला आणि सुरू झाली. सोयाबीनपासून. मग कडबा. मग मायच्या यादीत नसलेलंही बरंच काही निघालं, लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीपासूनचं. काजळीचे कान मागं गेले, डोळे मिटले आणि बादलीत धार वाजायला लागली. मी वासराचं दावं धरून उभा होतो, त्यामुळे मधे बोलायचीही सोय नव्हती.

माय परत आली तेव्हा तिला आधी आनंद झाला आणि मग राग आला. "माझ्याबिगर दिलंच कसं?" आता सकाळची धार मायची, संध्याकाळची बायकोची. तक्रारींची वाटणी झालेली नाही, त्या दोघींच्या सामाईक आहेत. लग्नांना मोकळा असतो तो मीच. आहेर मी देतो, सगळ्यांच्या वतीनं मी जेवतो आणि "बाकीचे कुठं आहेत?" याला उत्तरही मीच देतो.

नाही म्हणायला मार्गशीर्षात नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावला खंडोबाच्या यात्रेत पशुप्रदर्शन असतं, तेव्हा आम्ही सगळे एका टेम्पोतून सहकुटुंब सहपरिवार जातो. माय आणि बायको मागं काजळीजवळ उभ्या असतात. पुढं ड्रायव्हरशेजारी जागा असते, पण तिथं वासराची पेंड ठेवलेली असते.