त्या भोकातला पिंपळ

आज सकाळी कोल्हापुरात पंचगंगेवरच्या आपल्या जुन्या शिवाजी पुलावर जरा थांबलो होतो. शेजारी एक पोरगं मोबाइलवर कुणाला तरी सांगत होतं, "नवा झालाय की! हा पाडून टाकला तर काय बिघडतंय?" तेव्हा गप्प बसलो. पण दिवसभर डोक्यातनं जाईना.

वडणग्याहून आबा सायकलीला किटल्या अडकवून याच पुलावरून शहरात दूध घालायला जायचे. सुट्टीत मी पुढं दांडीवर. एकदा पावसात ऐन पुलावर सायकल घसरली, किटली उपडी झाली. कठड्याच्या बुडाशी पाणी जायला ठेवलेलं भोक असतं ना, त्यातून सगळं दूध खाली. पांढरी दोरी सोडल्यासारखं नदीत गेलं. मला वाटलं, आता मार बसतोय. आबा एवढंच म्हणाले, "असू दे. पंचगंगेनं पिलं."

आज ते भोक बघितलं. मातीनं आणि गुटख्याच्या पुड्यांनी गच्च बुजलंय. त्यातून पिंपळ वर आलाय, मनगटाएवढा! पाण्याला वाटच नाही म्हटल्यावर ते पुलाच्या पोटात मुरणार, चुना धुऊन नेणार, मुळं सांधे उकलणार. 1870 च्या दशकातल्या गवंड्यांनी दगडाला दगड असा रेटून बसवला की भार पडेल तशी कमान घट्ट होते. 2005, 2019, 2021 चे महापूर या पुलानं अंगावर घेतले आणि आपण त्याला एका रोपट्याच्या हवाली केलंय. करंगळीएवढा होता तेव्हा खुरप्यानं निघाला असता हो! आता तडा जायची वाट बघायची, 'धोकादायक' पाटी लावायची आणि मग पाडायचा. लाज वाटते.

जड गाड्या त्यावर नकोत, मान्य. 26 जानेवारी 2018 च्या रात्री मिनीबस कठडा तोडून नदीत गेली, 13 जीव गेले. पण तेव्हा पर्यायी पूल शेजारीच अर्धवट लोंबकळत होता, कित्येक वर्षं. त्यात या दगडांचा काय गुन्हा?

शेवटच्या आजारपणात आबांना रिक्षातून नव्या पुलावरून नेलं, तर म्हणाले, "जुन्यावरनं घे की." दूध सांडलेली जागा त्यांनाही आठवत असणार.

वडणगे, चिखली, आंबेवाडीकरांनो, रविवारी सकाळी सातला मी जातोय. पिंपळाला हात लावायचा नाही, ओढताना दगड हलेल. ते जाणत्या माणसाचं काम, त्यासाठी अर्ज लिहिलाय, सह्या करा. आपण भोक तेवढं मोकळं करू. खुरपं आणि एक बादली पाणी आणा. ओतलेलं पाणी खाली नदीत पडताना दिसलं की घरी.