मलप्रभेवर सॅमनचा फॉर्म्युला म्हणे!

गेल्या आठवड्यात भाच्याने घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज ढकलला आणि खाली लिहिलं, "मामा, रविवारी खानापूर. तुम्ही फक्त डोह दाखवा." पोरगा बेळगावच्या उद्यमबागेत सीएनसी मशीनवर आहे, हिशोबाला पक्का, पण मोबाईलवर आलेलं काहीही खरं मानतो. त्याने ऑनलाइन रॉड मागवला होता, गळाला लावायच्या पिसांच्या खोट्या माश्यांची डबी मागवली होती आणि कोपऱ्यावरच्या दुकानातून एक किलो ब्लीचिंग पावडर आणून ठेवली होती. रॉडवर मी हसलो असतो. ब्लीचिंग ऐकलं आणि माझी सटकली.

तो मेसेज मला एकूण तीन ग्रुपांतून आला, म्हणजे तुमच्याकडेही पोचला असणार. "उन्हाळा म्हणजे मासेमारीचा सुवर्णकाळ" असं वर लिहिलंय. खाली पाच मुद्दे. एक, स्कॉटलंडमध्ये साहेब लोक उन्हाळ्यातल्या कमी पाण्यातच सॅमन (समुद्रातून नदीत चढणारा तिकडचा मासा) पकडतात, तोच फॉर्म्युला आपल्या नद्यांना लागू. दोन, कमी पाण्यात मासे भुकेले असतात, पिसांच्या माशीवर तुटून पडतात. तीन, पकडून परत सोडला की माशाला काही होत नाही. चार, डोहातले मासे तसेही मरणारच, म्हणून डोहाला एक किलो ब्लीचिंग टाका, मासे आपोआप वर येतील, तासाभरात पाणी पुन्हा स्वच्छ. पाच, रावस हाच आपला सॅमन, तो आपल्या नद्यांत मिळतो. शेवटी "जास्तीत जास्त शेअर करा" आणि हात जोडलेले.

चौथ्यापासून सुरुवात करतो. बाकीचे चार नुसतं अज्ञान आहे.

ब्लीचिंग पिण्याच्या पाण्यात घालतात, मग नदीत घातलं तर काय बिघडलं, असा मेसेजवाल्याचा सवाल आहे. घालतात, खरं आहे. साथीच्या दिवसांत ग्रामपंचायतीचा माणूस आमच्या विहिरीत घालून जायचा. पण किती? चांगली पावडर असेल तर हजार लिटरला सुमारे अडीच ग्रॅम. आता नदीचा हिशोब धरा. मलप्रभेचा आमच्या गावाखालचा डोह मे महिन्यात उरतो साधारण दहा मीटर लांब, आठ मीटर रुंद आणि कमरेइतका, मीटरभर खोल. म्हणजे ८०,००० लिटर. विहिरीच्या मापाने त्याला २०० ग्रॅम झाले. मेसेज सांगतो एक किलो, पाचपट. पावडरीत तिसरा हिस्सा क्लोरीन धरला तर लिटरमागे चार मिलिग्रॅम पडले. नळाच्या टोकाला लिटरमागे ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असावा अशी अपेक्षा असते, आणि फिशटँक असलेला माणूस तेवढ्या पाण्यातसुद्धा मासा थेट सोडत नाही. औषधाचे थेंब टाकतो, नाहीतर पाणी आदल्या रात्री उघडं भरून ठेवतो. भाच्याच्या हॉलमध्ये टँक आहे. "पाणी बदलताना काय करतोस?" असं विचारलं तेव्हा गडी गप्प.

क्लोरीन कल्ले जाळतो. मासे "आपोआप" वर येत नाहीत, गुदमरून येतात. त्यातले मोठे तुम्ही पिशवीत भरता. बोटाएवढी पिल्लं, झिंगे, खेकडे, दगडाखालचे किडे, ज्यांच्यावर बाकीचे मासे जगतात, ते सगळं तिथेच मरतं आणि त्याचा फोटो कुणी काढत नाही. बरेच मासे तर आधी तळाला बसतात आणि दोन-तीन दिवसांनी फुगून वर येतात. काही वर्षांपूर्वी आमच्या वरच्या अंगाला कुणीतरी हा उद्योग केला होता. तिसऱ्या दिवशी म्हशी पाण्यापर्यंत गेल्या, वास घेतला आणि मान फिरवून परत आल्या. उन्हाने क्लोरीन उडून जातो हे मान्य. पण तोवर डोहात स्वच्छ व्हायला उरलेलं काय असतं?

आमच्या आजोबांच्या पिढीने तरी हे केलंच होतं की, असंही कुणी म्हणेल. केलं होतं. रामेठ्याची साल ठेचून, गेळ्याची फळं कुटून पाण्यात टाकायचे, मासे झिंगायचे. त्याचं मी कौतुक करणार नाही, तेही विषच. मात्र साल गोळा करून ठेचायला चार माणसांचा अख्खा दिवस जायचा, म्हणून वर्षाला एखादा डोह व्हायचा. दुकानातली पिशवी फोडायला अर्धा मिनिट लागतो.

आणि "तसेही मरणारच". या दोन शब्दांनी सगळं नुकसान होतंय. मलप्रभा कणकुंबीला उगम पावते, पावसाळ्यात दोन्ही काठ धरून वाहते आणि मे महिन्यात तिची डबक्यांची माळ होते. उथळ डबकी आटतात, त्यातले मासे मरतात, हेही खरं. जे डबकं चिखलावर आलंय त्यातले मासे ओंजळीने काढा, कोण नको म्हणतंय? मरळ तर हवेतला श्वास घेते, तिला तसल्या चिखलातही चार दिवस निभतं. पण खोल डोह आटत नाही. तिथे मासे मरायला जमलेले नसतात, पावसाची वाट बघत दबून असतात. एखादा वळीव होतो, मृग लागतो, नदीला पहिलं लाल पाणी येतं आणि हेच मासे चढणीला लागतात. नदीतून ओढ्यात, ओढ्यातून भाताच्या खाचरात. पोटात गाबोळी असते. पुढच्या वर्षीचा सगळा मासा या डोहातल्या मूठभरांपासून व्हायचा असतो. खानापूर भाताचा तालुका. धूळवाफेच्या पेरणीसाठी राखलेलं भात कणगीतून काढून गिरणीत नेलं तर घरची म्हातारी काय म्हणेल? उन्हाळ्यातला डोह ही ती कणगी आहे.

भाच्याचं यावर उत्तर, "मामा, सगळी तसंच करुलाल्यात." बरं. मग त्याला त्याच्याच साहेबाची गोष्ट सांगितली. मेसेजमध्ये ज्या साहेबाच्या नावाने दुकान मांडलंय, त्याच साहेबाने १८९७ साली भारतासाठी मत्स्य कायदा केला. बेळगाव तेव्हा मुंबई इलाख्यात होतं. त्या कायद्याच्या चौथ्या कलमात सुरुंग लावून मासे मारायला बंदी, पाचव्यात पाण्यात विष, चुना किंवा दुसरा अपायकारक पदार्थ टाकून मासे मारायला बंदी. शिक्षा दोन महिन्यांपर्यंत कैद किंवा २०० रुपयांपर्यंत दंड, आणि ते १८९७ चे २०० रुपये. म्हणजे सव्वाशे वर्षांपूर्वी, प्लास्टिकच्या पिशवीत ब्लीचिंग मिळायच्या कितीतरी आधी, ही अक्कल कागदावर उतरलेली होती. पुढे कर्नाटकानेही १९९६ साली नद्या-तलावांतल्या मासेमारीसाठी स्वतःचा कायदा केला. तेव्हा "नदी काय कुणाच्या बापाची आहे का" हे वाक्य मला ऐकवू नका. म्हादईच्या कळसा-भांडुऱ्या या ओढ्यांच्या पाण्यावरून गोवा आणि कर्नाटक ही राज्यं इतकी वर्षं लवादात भांडली, २०१८ ला निवाडा आला, तरी भांडण मिटलेलं नाही. ते पाणी ज्या मलप्रभेत आणायचं, तिच्यात आपण एक किलोची पिशवी रिकामी करणार.

आता स्कॉटलंड. इथे मला अर्धं पाऊल मागे घ्यावं लागतं, कारण साहेब उन्हाळ्यातल्या उतरलेल्या पाण्यात सॅमन पकडतो हे खोटं नाही. शंभरेक वर्षांपूर्वी डी नदीवर केर्नटन नावाच्या ठिकाणी आर्थर वुड नावाचा गृहस्थ होता. त्याने दोऱ्याला चरबी चोळून तो पाण्यावर तरंगता ठेवायचा आणि बारीक, विरळ पिसांची माशी पाण्याच्या वरच्या थरात वाहू द्यायची अशी पद्धत बसवली. आजही पाणी उतरलं की तिकडचे गळवाले लहान माशी घेतात, बारीक दोरा घेतात, पहाटे नाहीतर सूर्य कलल्यावर नदीवर जातात. पण ही सगळी यातायात कशासाठी? त्या पाण्यात सॅमन मिळणं अवघड असतं म्हणून. मासा डोहाच्या तळाशी बसून असतो, माणसाची सावली पडली तरी बिथरतो, आणि गळवाला आकाशाकडे बघत पावसाची वाट बघतो, कारण नदीला थोडा लोंढा आला की मासा हलतो. मेसेजवाल्याने अडचणीवरच्या तोडग्यालाच सुवर्णकाळ करून टाकलं.

शिवाय स्कॉटलंडचा उन्हाळा आणि आपला उन्हाळा यांना एकच शब्द असला म्हणून ते एक होत नाहीत. तिकडचं पाणी २० अंशांना पोचलं की लोक गळ गुंडाळायच्या गोष्टी करतात. कॅनडात न्यू ब्रन्सविकमध्ये मिरामिशी म्हणून सॅमनची मोठी नदी आहे. तिथे सलग दोन दिवस पाणी रात्रीसुद्धा २० अंशांखाली उतरलं नाही, तर जिथे मासे गारव्याला जमतात ते ठरावीक डोह सरकार मासेमारीला बंद करतं. हे परत वाचा: मासे जमतात म्हणून डोह बंद. आमच्या मेसेजमध्ये मासे जमतात म्हणून डोहात ब्लीचिंग. मी गेल्या रविवारी दुपारी तीनला आमच्या डोहात थर्मामीटर सोडला, ३१ अंश आले. आपले मासे गरम पाण्याला सरावलेले आहेत, त्यांना २० चा आकडा लावायचा नाही, एवढं मलाही कळतं. पण फॉर्म्युला घ्यायचा तर पूर्ण घ्या. स्कॉटलंडमध्ये रविवारी सॅमन धरायला कायद्याने बंदी आहे, हेही त्यातच येतं. भाच्याचा बेत रविवारचाच होता.

मासे भुकेले असतात, हा दुसरा मुद्दा. निदान सॅमन तरी नसतो. समुद्रातून नदीत शिरला की तो खाणंच सोडतो, अंगातल्या चरबीवर अंडी घालण्यापर्यंत महिनोन्‌महिने काढतो. माशीवर का झडप घालतो यावर तिकडचे लोक पिढ्यान्‌पिढ्या वाद घालतायत. आणि मेसेजबरोबर जो फोटो आहे, पाण्याच्या वर शेकडो तोंडं आ वासलेली, ती भूक नव्हे. साचलेल्या डोहातलं शेवाळ रात्रभर प्राणवायू खातं, पहाटेला तो सगळ्यात कमी होतो, आणि मासे वरचा पातळ थर चोखायला येतात. दम लागलेल्या माणसाला बघून "याला जेवायला वाढा" म्हणण्यासारखं आहे हे.

तिसरा मुद्दाही इथेच निकालात निघतो. पकडून सोडणं वाईट नाही. स्कॉटलंडमध्ये आता गळाला लागलेल्या दहांतले नऊहून जास्त सॅमन परत सोडतात, आणि त्यांना ते करावंच लागतंय. २०२३ च्या डिसेंबरात धोक्यातल्या जीवांच्या आंतरराष्ट्रीय लाल यादीत ब्रिटनमधला सॅमन संकटग्रस्त ठरला. पण सोडलेला मासा जगणं पाण्यावर असतं. समुद्रसपाटीला २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे फार तर ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, ३० अंशांना साडेसात. डोह साचलेला असेल तर तेवढाही नसतो. गळाशी झगडून थकलेला मासा, वर तुम्ही त्याला तापलेल्या खडकावर ठेवून, कोरड्या हातांनी अंगावरचा बुळबुळीत थर पुसून चार सेल्फी काढता. पाण्यात सोडल्यावर तो पोहत गेला एवढंच तुम्हाला दिसतं. संध्याकाळी कुठे गेला ते घारीला विचारा.

राहिला रावस. त्याच्यावर शब्द खर्च करायची इच्छा नाही, पण मेसेजमध्ये आहे म्हणून. हॉटेलच्या मेनूकार्डावर त्याला "इंडियन सॅमन" म्हणतात, बाकी नातं काही नाही. रावस समुद्राचा आणि खाडीचा मासा. मलप्रभा पूर्वेला वाहते, कूडलसंगमला कृष्णेत जाते आणि कृष्णा बंगालच्या उपसागराला. रावसाने मनावर घेतलंच, तर त्याला नागार्जुनसागर, श्रीशैलम, नारायणपूर आणि सौंदत्तीजवळचं नविलतीर्थ एवढी धरणं तर चढावीच लागतील. बेळगावात तो गोव्याकडून बर्फाच्या पेटीतून येतो, आणि तोच रस्ता त्याला सोयीचा आहे.

भाच्याला कळवलंय. रॉड पावसाळा सरल्यावर बघू, पाणी निवळलं की मीच घेऊन जाईन. ब्लीचिंगची पिशवी त्याच्या आईने मोरीसाठी ठेवून घेतली. या रविवारी सकाळी त्याने मासळी बाजारात यायचं आहे, रावस दाखवतो, बर्फातला.